भूमिपरीक्षा आणि गृहस्थधर्म

मनुष्य नगरात कितीही वर्षे राहिला, तरी उतारवयात त्याला भूमीची ओढ लागते. दिल्लीसारख्या महानगरात ही ओढ विशेष प्रबळ होते. तरुणपणी करोलबागेत किंवा पहाडगंजात बिऱ्हाड करून राहिलेला, सरकारी कचेरीत तीस-पस्तीस वर्षे लेखणी झिजवलेला, मुलामुलींची शिक्षणे व विवाह उरकलेला एखादा मराठी गृहस्थ डोळ्यांपुढे आणावा. कार्तिकात आकाश धुराने भरते, सूर्य कळकट तांब्याच्या ताटलीसारखा दिसू लागतो, सकाळच्या संध्येला प्राणायाम करावा तर खोकल्याची उबळ येते. अशा वेळी त्याच्या मनात येते की, कोठेतरी चार-पाच एकर जमीन घ्यावी, दोन खोल्या बांधाव्यात, एक गाय पाळावी, दारी तुळशीवृंदावन असावे आणि उरलेले आयुष्य भगवंताच्या चिंतनात घालवावे.

ही इच्छा निंद्य नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत एकांत स्थळाची आवड आणि लोकांच्या गर्दीविषयी अरुची ही स्पष्ट शब्दांत गणलेली आहेत. परंतु इच्छा शुद्ध आहे एवढ्यावरून तिच्यातून घडणारे कर्म शुद्ध ठरत नाही. अन्नाची इच्छा स्वाभाविक आहे, म्हणून कोणाच्याही ताटातील अन्न घेता येत नाही. तेव्हा असा प्रश्न उत्पन्न होतो की, वसतीसाठी एखाद्या प्रदेशाची परीक्षा करताना गृहस्थाने कोणत्या गोष्टी पाहाव्यात, आणि त्या सर्व अनुकूल दिसल्यानंतरही विचारण्यासारखे काही उरते काय?

राजधानीच्या भोवतीचा मुलूख लहान नाही. १९८५ च्या कायद्याने ज्याला राष्ट्रीय राजधानी क्षेत्र असे नाव मिळाले, त्यात दिल्लीखेरीज हरियाणाचे चौदा आणि उत्तर प्रदेशाचे आठ जिल्हे येतात, शिवाय राजस्थानातील अलवर व भरतपूर. एकंदर विस्तार सुमारे ५५,००० चौरस किलोमीटर. हाच तो मुलूख, ज्यातील केवळ पाच गावे मिळाली तरी पांडव युद्ध टाळण्यास सिद्ध होते. महाभारतात त्या गावांची नावे निराळी आहेत. परंतु लोकपरंपरा पानिपत, सोनिपत, बागपत, तिलपत आणि इंद्रपत अशी पाच नावे सांगते, आणि ही पाचही स्थळे आजच्या राजधानी क्षेत्राच्या आतच आहेत. पाच भावांना पाच गावे. आजचा गृहस्थ त्याच भूमीवर वही घेऊन फिरतो आणि तिच्यात रकाने आखतो : पाणी, माती, रस्ता, दवाखाना, दर.

कोणी म्हणेल की, असे रकाने आखणे हा व्यापारी हिशेब झाला; ज्याला ईश्वरचिंतन करावयाचे आहे त्याने भूमीची एवढी चिकित्सा कशाला करावी? हा आक्षेप ऐकण्यास गोड आहे, पण शास्त्राला तो मान्य नाही. खुद्द गीतेने ध्यानाचे आसन मांडतानादेखील स्थळ शुद्ध असावे, आसन फार उंच नसावे, फार खोलही नसावे, इतक्या बारकाव्याने सांगितले आहे. चाणक्याच्या नावाने चालत आलेल्या नीतिसंग्रहात जेथे धनवान, वेदवेत्ता, राजा, नदी आणि वैद्य ही पाच नाहीत तेथे एक दिवसही राहू नये असे सांगितले आहे. त्यातील वैद्य हा पाचवा असला तरी साठी उलटलेल्या मनुष्याने तो पहिला धरावा. रात्री छातीत कळ आली असता पक्क्या रस्त्यापासून चार कोस आत असलेला एकांत काही कामाचा नसतो.

आणि भूमीच्या परीक्षेचे खरे शास्त्र पाहावयाचे असेल तर आश्वलायन गृह्यसूत्राचा दुसरा अध्याय उघडावा. वास्तुपरीक्षेचे प्रकरण तेथे थोडक्यात पण फार व्यवहारी रीतीने सांगितले आहे. भूमीवर वनस्पती व वृक्ष असावेत, कुश आणि वाळा पुष्कळ उगवलेला असावा. काटेरी व चिकाची झाडे असल्यास ती मुळासकट काढावीत. मग गुडघाभर खोल खड्डा खणावा आणि निघालेल्या मातीनेच तो पुन्हा भरावा. माती भरून उरली तर भूमी उत्तम, बरोबर झाली तर मध्यम, कमी पडली तर टाकून द्यावी. सूर्यास्तानंतर त्याच खड्ड्यात पाणी भरून ठेवावे. सकाळी पाणी शिल्लक असेल तर उत्तम, नुसती ओल असेल तर मध्यम, कोरडा पडला तर ती भूमी घेऊ नये. आजच्या प्रयोगशाळेत मातीची घडण व जलधारणा पाहतात ती याच हेतूने. मात्र या सर्व कसोट्यांच्या आधी, प्रकरणाच्या अगदी आरंभी, सूत्रकाराने दोन विशेषणे ठेवली आहेत : भूमी अनूषर असावी, आणि अविवदिष्णु असावी. अनूषर म्हणजे खारवट नसलेली. अविवदिष्णु म्हणजे जिच्याविषयी कोणाचा विवाद नाही अशी.

पहिले विशेषण दिल्लीच्या दक्षिणेस गेल्याबरोबर समजू लागते. नूह जिल्हा, ज्याला जुने लोक मेवात म्हणतात, गुडगाव व फरिदाबाद या जिल्ह्यांतून २००५ मध्ये वेगळा झाला आणि २०१६ मध्ये त्याला नूह हे नाव मिळाले. दिल्लीपासून थोड्याच तासांच्या अंतरावर असूनही जमिनीचे दर इकडे गुडगावच्या मानाने फार कमी, म्हणून दलाल गिऱ्हाइकाला प्रथम येथेच आणतो. पण या जिल्ह्याच्या फार मोठ्या भागात भूगर्भातले पाणी खारे आहे. विहीर खणली तर पाणी लागते, आणि ते पिता येत नाही. गोड पाणी आहे ते बहुतांशी अरवलीच्या पायथ्याशी, एका अरुंद पट्ट्यात. कारण डोंगरावर पडलेला पाऊस तेथे मुरतो. तेथेही गोड पाणी हा खाऱ्या पाण्यावर तरंगणारा एक थर असतो. जोराच्या पंपाने वरचा थर उपसला की खालचे खारे पाणी वर चढते, आणि ज्याने उपसले त्याच्याच नव्हे, तर शेजाऱ्याच्या विहिरीतही शिरते.

इतर जिल्ह्यांची कथा थोडक्यात सांगता येईल. सोनिपत-पानिपताकडे यमुनेच्या पश्चिम कालव्याचे पाणी व सुपीक माती आहे, पण कारखाने आणि वसाहती इतक्या वेगाने पुढे सरकत आहेत की आज घेतलेला एकांत दहा वर्षांनी एकांत राहील याची शाश्वती नाही. बागपतला ऊस आहे, ओल आहे आणि हिंडन नदीचे दूषित पाणीही आहे. रेवाडी व महेंद्रगडाकडे माती वाळूमिश्रित, पीक बाजरीचे व मोहरीचे, पाणी खोल. यमुनेच्या अगदी काठची सखल भूमी, जिला तिकडे खादर म्हणतात, ती दिसण्यात सर्वांत रम्य. पण ती नदीची आहे. १३ जुलै २०२३ रोजी दिल्लीत यमुनेची पातळी २०८.६६ मीटरपर्यंत चढली, तेव्हा नदीने आपली जागा परत मागितली असेच म्हणावे लागते. त्याच्या आदल्या वर्षी नोएडाजवळच्या खादरात बांधलेली अनेक फार्महाऊसे अनधिकृत म्हणून पाडण्यात आली होती.

दुसऱ्या विशेषणाकडे वळले की विषय अधिक गहन होतो. अविवदिष्णु या शब्दाचा पहिला अर्थ कायद्याचा आहे आणि तो क्षुल्लक नाही. महाराष्ट्रात जे काम सातबारा व फेरफार करतात, ते हरियाणात जमाबंदी व इंतकाल करतात. तलाठ्याच्या जागी पटवारी असतो. आणि एकराला तिकडे किल्ला म्हणतात, हे मराठी मनुष्याने आधीच समजून घ्यावे, नाहीतर पाच किल्ले विकावयाचे आहेत हे ऐकून तो चकित होईल. त्या जमाबंदीत मालकाचे नाव कोणाचे आहे एवढेच पाहून चालत नाही. शामलात देह, म्हणजे गावाची सामाईक भूमी, असा शब्द कोठे आहे काय? गैर मुमकिन पहाड, म्हणजे नांगरता न येणारा डोंगर, अशी नोंद आहे काय? अरवलीच्या परिसरात १९०० च्या पंजाब भूमिसंरक्षण कायद्याखाली झाडतोड व खोदकाम यांना मनाई करणारे आदेश अनेक ठिकाणी आहेत, आणि चौथ्या कलमाखालील विशेष आदेश ज्या भूमीला लागू आहेत तिला वनभूमीचेच स्वरूप आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये दिला. तत्पूर्वी २०१८ मध्ये फरिदाबादजवळच्या कांत एन्क्लेव्ह नावाच्या वसाहतीतील घरे याच कारणाने पाडण्याचा आदेश झाला. तेथे राहणारे चोर नव्हते. आयुष्याची मिळकत घालून, सरकारी परवानगी पाहून त्यांनी भूखंड घेतले होते. त्याच फरिदाबादच्या हद्दीत खोरी गावातील हजारो गरिबांची घरे २०२१ मध्ये वनभूमीवरून हटवली गेली, तेव्हा त्यांच्यापाशी परवानगीचे कागदही नव्हते. विवादित भूमी श्रीमंत आणि गरीब असा भेद करीत नाही, एवढे खरे. पण घर गेल्यावर दुसरे घर कोणापाशी असते, हा भेद राहतोच.

समजा, कागद स्वच्छ निघाले. समजा, या गृहस्थाने पायथ्याच्या पट्ट्यातील पाच एकरांचा एक तुकडा पाहिला, गुडघाभर खड्डा खणला, माती भरून उरली, रात्री ओतलेले पाणी सकाळी टिकले, पाणी चाखले ते गोड लागले, वकिलाने जमाबंदी निर्दोष ठरवली. वहीतील सर्व रकाने भरले. आता भूमी अविवदिष्णु झाली काय?

येथे गीतेच्या अठराव्या अध्यायातील एका विवेचनाची आठवण ठेवणे अवश्य आहे. सात्त्विक, राजस आणि तामस अशी कर्माची त्रिविधता सांगताना भगवंताने तामस कर्माचे लक्षण असे केले आहे की, ज्यात अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष या चार गोष्टींचा विचार न करता केवळ मोहाने आरंभ केला जातो ते तामस. अनुबंध म्हणजे पुढे येणारे परिणाम. क्षय म्हणजे द्रव्याची व शक्तीची हानी. पौरुष म्हणजे आपले सामर्थ्य. ही तीन कोणताही शहाणा गृहस्थ पाहतो, निदान पाहिली असे समजतो. सामर्थ्याविषयी मात्र पुष्कळदा फसगत होते. गाय पाळण्याचा संकल्प बहुधा पुरुष करतो आणि शेण बहुधा स्त्रीला काढावे लागते. तेव्हा पौरुषाचा हिशेब करताना घरातील गृहिणीचे गुडघे कसे आहेत हेही विचारावयास हवे. असो. चौथी गोष्ट हिंसा. तिला वहीत रकानाच नसतो.

ज्याने जमीन विकत घेतली, पूर्ण मोल दिले, कोणाला धमकावले नाही, त्याच्या हातून कोणती हिंसा झाली, असे विचारले जाईल. हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. मोल ज्याने घेतले त्याचा हक्क संपला. परंतु भूमीवर मालकाखेरीज इतरांचेही काही असते, आणि ते जमाबंदीत लिहिलेले नसते. पीक काढल्यानंतर मोकळ्या शेतात शेजारची गुरे चरत असतात. विहिरीकडे जाणाऱ्या बायका बांधावरून वाट पाडतात, आणि ती वाट त्यांच्या आज्यांपासून चालत आलेली असते. पावसाचे पाणी एका शेतातून दुसऱ्यात उतरते. नवा मालक प्रथम काय करतो? भिंत घालतो. भिंतीबरोबर चराई गेली, वाट गेली, पाण्याचा उतार अडला. मग तो तीनशे फूट बोअर घेतो. त्याच्या हिरवळीला पाणी मिळते, आणि चार वर्षांनी शेजारच्या विहिरीची चव बदलते. त्या विहिरीवर ज्यांचे हंडे भरत होते त्या घरांना टँकरचे पाणी विकत घ्यावे लागते. कोणी कोणाला मारले नाही, न्यायालयात कोणी गेले नाही. पण सूत्रकाराचा शब्द येथे लागू पडतो की नाही, हे गृहस्थाने आपल्या अंतःकरणाला विचारून पाहावे.

३१ जुलै २०२३ रोजी नूहमध्ये दंगल उसळली आणि माणसे मारली गेली, हेही परीक्षा करणाऱ्याच्या कानांवर येते. भय वाटणे मनुष्याला साहजिक आहे. भयाने तो भिंत आणखी दोन हात उंच करतो. आणि उंच भिंतीच्या दोन्ही बाजूंना भय वाढते.

दिल्लीच्या भूमीवर पहिल्या वसतीची जी कथा व्यासांनी सांगितली आहे, ती या संदर्भात पुन्हा वाचावी. राज्य विभागताना धृतराष्ट्राने पांडवांच्या वाट्याला खांडवप्रस्थ दिले, म्हणजे रान. त्यांनी तेथे इंद्रप्रस्थ वसवले. परंपरा त्याचे स्थान आजच्या पुराना किल्ल्यापाशी मानते. त्या किल्ल्याच्या आत इंद्रपत नावाचे खेडे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत नांदत होते. पुढे अग्नीने ब्राह्मणरूपाने येऊन खांडववनाची मागणी केली आणि ते वन जळाले. भगवंताच्या लीलेची चिकित्सा करण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु व्यासांची दृष्टी कशी आहे ते पाहावे. वन जळाले आणि नगर भरभराटीस आले, एवढे सांगून ते थांबत नाहीत. तक्षक त्या दिवशी घरी नव्हता, कुरुक्षेत्रास गेला होता. त्याची पत्नी पुत्राला वाचवताना मेली. अश्वसेन नावाचा तो पुत्र निसटला. मयासुर शरण आला. चार शार्ङ्गक पक्ष्यांची पिले वाचली. जळालेल्यांची आणि वाचलेल्यांची अशी नावनिशीवार नोंद त्यांनी ठेवली. आणि ती नोंद पुढे उपयोगास येते : अश्वसेन कर्णाच्या बाणावर येऊन बसतो, तक्षक परीक्षिताला दंश करतो, जनमेजय सर्पसत्र मांडतो. मयाने उपकार फेडण्यासाठी बांधलेली सभा दुर्योधनाच्या मत्सराला कारण होते, आणि मत्सरातून द्यूत. एका वसतीचा अनुबंध नातवापणतवांपर्यंत पोहोचतो. जे जळाले त्यांचे काय झाले हे विसरण्याची मुभा महाभारत विजयी पक्षालादेखील देत नाही.

आणखी एका शब्दाविषयी बोलणे अवश्य आहे. नगर सोडून शेतात राहावयास जाणारा आपल्या या निवासाला वानप्रस्थ म्हणू लागला आहे. मनुस्मृतीत वानप्रस्थाची वेळ सांगितली आहे ती खरी : अंगावर सुरकुत्या, केस पांढरे आणि नातवाचे मुख दिसले म्हणजे अरण्याचा आश्रय करावा. पण त्याच अध्यायात असेही सांगितले आहे की, वानप्रस्थाने नांगरलेल्या भूमीतले अन्न खाऊ नये, ते कोणी टाकून दिलेले असले तरी खाऊ नये. ज्याने शेत विकत घेतले, फाटक बसवले, फाटकाला स्वतःच्या नावाची पाटी लावली, तो गृहस्थच आहे, आणि पूर्वीपेक्षा मोठा गृहस्थ आहे. यात कमीपणा काही नाही. गृहस्थाश्रम सर्व आश्रमांचा आधार मानलेला आहे. मात्र तो गृहस्थ असेल तर गृहस्थाची ऋणे आणि अतिथी, शेजारी, पशुपक्षी यांच्याविषयीची कर्तव्ये त्याला चुकत नाहीत. परिग्रह वाढवून त्याला त्याग म्हणणे, ही अशी फसवणूक आहे की तिच्यात फसवणारा आणि फसणारा एकच असतो.

मग हिंसेच्या भयाने कोठेच जाऊ नये काय? दिल्लीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणारा काही निर्दोष नाही. त्याच्या नळाचे पाणीही दूरच्या नद्यांतून आणलेले आहे आणि त्याचा कचरा कोणाच्या तरी गावाशेजारी पडतो. गुडगाव व फरिदाबाद या शहरांचा कचरा अरवलीतील बंधवाडी गावापाशी टाकला जातो, हे त्या रस्त्याने जाणाऱ्यांना सांगावे लागत नाही. कर्म सोडल्याने दोष सुटत नाही, हा तर गीतेचा आरंभापासूनचा सिद्धांत आहे. प्रश्न जावे की न जावे असा नसून, कोणत्या बुद्धीने जावे असा आहे.

बंधवाडीपासून जवळच मांगर बनी नावाची देवराई आहे. धौ वृक्षांचे ते दाट वन गुदडिया दास बाबांचे स्थान म्हणून आसपासच्या गुर्जर गावांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले. फांदी तोडणेदेखील तेथे पाप मानतात. कागदोपत्री त्यातील सामाईक भूमी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात वाटली गेली आणि तिचे तुकडे बाहेरच्यांनी घेतले. म्हणजे मालक दिल्लीत आणि राखणदार गावात. कोणाचे नाते खरे समजावे? कायद्याचे उत्तर ठरलेले आहे. भूमीला विचारता आले असते तर तिने कोणाकडे बोट दाखवले असते, याविषयी मतभेद होण्याचे कारण दिसत नाही.

नूह जिल्ह्यातील घासेडा गावी १९ डिसेंबर १९४७ रोजी महात्मा गांधी गेले होते. फाळणीच्या त्या वणव्यात मेव लोक घरे सोडून सीमेपलीकडे जाण्याच्या बेतात होते, कित्येकांना हाकलले जात होते. गांधींनी त्यांना राहण्याची विनंती केली. पिढ्यांनी कसलेल्या भूमीतून मनुष्य उपटला जाणे याचा अर्थ काय, हे त्या गावाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. तेथे नव्याने राहावयास जाणाऱ्याने ही तारीख ठाऊक करून घ्यावी. दर एकरी किंमत ठाऊक असण्याइतकीच ती आवश्यक आहे.

आणि अलवर जिल्ह्याचे उदाहरण. १९८५ मध्ये राजेंद्र सिंह नावाचा आयुर्वेद शिकलेला तरुण आपल्या सोबत्यांबरोबर थानागाजी तालुक्यात आला. औषधोपचार करावेत, शाळा चालवाव्यात, असा त्याचा विचार होता. गोपालपुरा गावातील एका वृद्धाने त्याला सांगितले की, औषध नको, पाणी हवे. आणि पाणी हवे असेल तर पडीक जोहड पुन्हा खणावे लागतील. जोहड म्हणजे उतारावरचे पावसाचे पाणी अडवणारा मातीचा बंधारा. तो ते खणू लागला. पुढे शेकडो गावांनी आपापल्या श्रमाने जोहड बांधले, विहिरींना पाणी आले आणि वर्षातील बराच काळ कोरडी राहणारी अरवरी नदी वाहू लागली. तरुण भारत संघाच्या या कार्यासाठी राजेंद्र सिंह यांना २००१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्काराची गोष्ट गौण आहे. गोपालपुऱ्यात त्या तरुणाने भूमीची परीक्षा केली नाही; गावाने त्याची परीक्षा केली, आणि ती त्याने देऊ केली.

कुरुक्षेत्र हे नाव ज्याच्यावरून पडले, त्या कुरुराजाविषयी महाभारतात अशी कथा आहे की, तो स्वतः ती भूमी नांगरीत होता आणि इंद्राने येऊन, राजा, हे कशासाठी, असे विचारले. वामन पुराणात तर त्याने तेथे तप, सत्य, क्षमा, दया इत्यादी आठ गुणांचे बीज पेरण्याचा संकल्प केला असे वर्णन येते. ज्या भूमीला गीतेने पहिल्याच शब्दात धर्मक्षेत्र म्हटले, ती आपोआप धर्मक्षेत्र झाली नव्हती. कोणीतरी प्रथम नांगराला हात घातला होता.

पायथ्याच्या त्या पाच एकरांकडे परत येऊ. हा गृहस्थ सपत्नीक गावात गेला, असे समजावे. श्रावण होता, डोंगर हिरवा, बांधावर गवत, ओढ्याला पाणी. दलाल विसाराची रक्कम आजच द्यावी म्हणून घाई करीत होता. शेताच्या कडेला बाजेवर एक वृद्ध बसला होता. गृहस्थाने हात जोडून विचारले,

"चाचा, ही जमीन घ्यावी म्हणतो. आपले काय मत?"

वृद्ध म्हणाला, "बाबूजी, जमीन चांगली आहे. तुम्ही इथे राहणार की फक्त रविवारी येणार?"

"राहणार."

"मग त्या कोपऱ्यातून आमच्या लेकीसुना पाण्याला जातात, ती वाट ठेवाल?"

गृहस्थ काही बोलण्यापूर्वी त्याची पत्नी पुढे झाली आणि त्या वाटेने विहिरीपर्यंत चालत गेली. परत आली तेव्हा तिच्याबरोबर गावातील दोन स्त्रिया होत्या. विहीर उन्हाळ्यात किती खाली जाते, कोणत्या महिन्यापासून टँकर घ्यावा लागतो आणि एका टँकरला काय पडते, हे सर्व तिने विचारून घेतले होते. पतीच्या वहीतील पाण्याच्या रकान्यात एकच शब्द होता, गोड.

विसार त्या दिवशी दिला गेला नाही. गावातच वर्षभरासाठी दोन खोल्या भाड्याने घ्याव्यात, चारही ऋतू पाहावेत आणि गावालाही आपल्याला पाहू द्यावे, असे पतिपत्नींनी निघताना ठरवले. दलालाला ते मुळीच आवडले नाही. वृद्धाला मात्र आवडले असावे, कारण तो बाजेवरून उठून रस्त्यापर्यंत पोहोचवायला आला.

"बाबूजी, सावनात सगळीच गावे हिरवी दिसतात," तो म्हणाला, "खोल्या आजपासून घ्या, पण जमिनीचे जेठात बोलू."

गृहस्थाने घरी येऊन पंचांग काढले. उत्तरेकडे महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, म्हणून तिकडचा ज्येष्ठ महाराष्ट्रातल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. त्याने वहीत तारीख त्याप्रमाणे दुरुस्त करून घेतली.